झिप कोड विचारला, पासपोर्ट नाही

मंडळी, इथे खासदाराला निरोप धाडायचा तर संकेतस्थळावर एक फॉर्म असतो. तो नाव, पत्ता आणि झिप कोड (आपला पिन कोड हो) विचारतो. आमचा नोव्हायचा ४८३७५. मी एच-१बी व्हिसावर नवीन होतो तेव्हा फॉर्म उघडून बराच वेळ 'नागरिक आहात का?' हा रकाना शोधत बसलो होतो. तो नव्हताच!

याचं मूळ १७९१ सालात आहे. सरकारकडे गाऱ्हाणं मांडायचा हक्क देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीत शब्द 'लोक' असा आहे, 'नागरिक' असा नाही. अर्थात हक्क कागदावर असणं वेगळं. गुलामगिरीविरुद्ध अर्जांचा पाऊस पडू लागला तेव्हा १८३६ मध्ये प्रतिनिधिगृहाने ठराव करून ते अर्ज न वाचताच बाजूला ठेवायला सुरुवात केली. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स तेव्हा साधे खासदार होते. ते त्याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडले आणि १८४४ मध्ये बंदी उठली.

१ जून १९९३ ला क्लिंटन आणि गोर यांनी आपले ईमेल पत्ते जनतेला जाहीर केले. २००१ मध्ये टपालातून अँथ्रॅक्स आला. तेव्हापासून खासदारांची पत्रं तपासणीत अडकू लागली आणि ईमेलचं वजन आपोआप वाढलं. पण लिहिणं सोपं झालं की लिहिणारे मोजायचे कसे, हा प्रश्न येतोच. म्हणून तो झिप कोड. मतदारसंघाबाहेरच्याचं पत्र बहुधा बाजूलाच पडतं.

ओबामांनी २०११ मध्ये ऑनलाइन अर्जांची सोय केली. ५,००० सह्या जमल्या की उत्तर. मग २५,००० आणि २०१३ मध्ये १,००,०००. 'स्टार वॉर्स'मधला डेथ स्टार सरकारने बांधावा, असाही अर्ज आला होता. सरकार ग्रह उडवून देण्याच्या बाजूचं नाही, असं रीतसर उत्तर मिळालं :) ती सोय २०२१ मध्ये बंद झाली.

सह्या मोजायची ही युक्ती आपल्याला नवी वाटायचं कारण नाही. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली. सार्वजनिक काकांच्या त्या सभेत सभासद व्हायचं तर किमान ५० जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र लागे. 'तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?' असं साहेबाने विचारलंच तर दाखवायला कागद हवा ना! मत कोणालाच नव्हतं, तरी १८७५ मध्ये सभेने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज केला. मला तर ओबामांच्या सोयीपेक्षा ही मंडळी जास्त हुशार वाटतात.

मत नसलेल्यांचा असाच एक अर्ज आम्हीही केला. ग्रीन कार्डातली देशवार मर्यादा काढणारं विधेयक प्रतिनिधिगृहात १० जुलै २०१९ ला ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. रांगेतल्या भारतीयांनी फॉर्म भरभरून बोटं झिजवली. बायकोने आणि मी एकाच टेबलावर बसून वेगवेगळे भरले, कारण दोघांचे दोन मोजले जातात. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये आपलं वेगळं रूप मंजूर केलं. दोन्ही मजकूर कधी जुळलेच नाहीत आणि जानेवारी २०२१ मध्ये ती काँग्रेस संपताच विधेयकही संपलं.

फेब्रुवारीत एका कार्यालयाचं उत्तर आलं. माझ्या विचारांबद्दल आभार होते, आणि विधेयकावर बारीक लक्ष आहे, असंही होतं.