सारीपाटाचा जीर्णोद्धार

विरारहून मुंबईस पहिली लोकल गाडी १२ एप्रिल १८६७ रोजीं सुटली. आज त्याच लोहमार्गावर, चर्चगेटपर्यंतच्या साठ किलोमीटरांच्या प्रवासांत, एकीकडे भजनाचे टाळ वाजत असतात आणि दुसरीकडे चार उतारू एका मोबाइलवर डोकीं लावून लुडो खेळत असतात. एखाद्याची सोंगटी मारली गेली कीं जो आरडाओरडा होतो, तो ऐकून खेळ जुनाच आहे, पट तेवढा बदलला, असें कोणासहि वाटावें. मीं जन्मभर इतिहास शिकविला; मलाहि बरेच दिवस तसेंच वाटत होतें.

सारीपाटाची सुधारणा ही कांहीं आजची गोष्ट नव्हे. चौफुलीच्या आकाराचा कापडी पट, चार भुजांवर चोवीस-चोवीस मिळून शहाण्णव घरें, सोळा सोंगट्या आणि कवड्या किंवा लांबट फांसे, एवढाच त्याचा संसार. आपल्या भाषेंत तो इतका मुरला आहे कीं, अमक्यानें 'पोबारा केला' असें म्हणतांना आपण फांशाच्या एका दानाचें नांव घेत आहों, याची आठवणहि आपणांस राहत नाहीं. अकबर बादशहानें या पटास नवें रूप देण्याचा मोठा घाट घातला. 'आईन-इ-अकबरी'त अबुल फजलानें वर्णिलेल्या त्याच्या 'चंदल मंडल' खेळांत वर्तुळाकार मांडलेल्या सोळा भुजा, सोळा खेळाडू आणि चौसष्ट सोंगट्या होत्या. कल्पना बादशाही खरी. पण सोळा माणसें एका वेळीं रिकामीं सांपडावयास दरबारच पाहिजे! तो खेळ ग्रंथांत राहिला. घरोघर टिकला तो चार भुजांचा साधा पटच. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्रजांनीं उलट वाट धरिली. लुडो करतांना त्यांनीं भुजेचीं घरें चोवीसांवरून अठरांवर आणिलीं आणि कवड्यांच्या जागीं एकच चौकोनी फांसा दिला. खेळ उथळ झाला, पण आटोपशीरहि झाला.

नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीनें २०१६ सालीं काढलेला 'लुडो किंग' हा या लुडोचाच मोबाइलवरील अवतार. २०२० च्या टाळेबंदींत तो घरोघर पोंचला. दूरस्थ खेळाडूंची संख्या वाढविणें, आवाजी संभाषण, लवकर आटपणारा डाव अशी भर त्यांत पडत गेली. ही झाली डोळ्यांस दिसणारी सुधारणा. खरे श्रम न दिसणाऱ्या डागडुजीचे.

कापडाचा पट झिजतो. मोबाइलवरचा खेळ झिजत नाहीं, तरी म्हातारा होतो, कारण त्याच्या पायाखालची जमीन सरकत असते. गूगलच्या दुकानांत २०१९ सालीं ६४-बिट रूप सक्तीचें झालें. युनिटी नांवाच्या सांगाड्याच्या जुन्या आवृत्तींवर बांधलेल्या खेळांस तेवढी २०२१ पर्यंत मुदत मिळाली. ऑक्टोबर २०२५ मध्यें त्याच युनिटींत सुरक्षेचा दोष जाहीर झाला आणि २०१७ पासूनच्या आवृत्तींवर रचलेले खेळ दुरुस्त करून पुन्हां प्रसिद्ध करण्याची पाळी निर्मात्यांवर आली. खेळाचा एकहि नियम न बदलतां एवढा खटाटोप! शिवाय नवी आवृत्ति घेतलेला आणि जुनीवरच असलेला, असे दोघे एकाच पटावर बसावयाचे, तर मधल्या संगणकास दोघांचीहि भाषा कळली पाहिजे. किती जुन्यापर्यंत ही भाषा सांभाळावयाची, हा हिशेब मोठा निष्ठुर असतो. आणि फांशास हात लावणें तर सर्वांत धोक्याचें. मुठींतून कवड्या टाकल्या म्हणजे माणूस नशिबास बोल लावतो. दूरच्या संगणकानें दान दिलें कीं तो संगणकास लावतो.

त्या निष्ठुर हिशेबांत माझी विरारची मावशी सांपडली. रोज रात्रीं ती नाशिकच्या नातीबरोबर असाच एक पटाचा खेळ मोबाइलवर खेळत असे. कोणता, तें सांगत नाहीं. एके दिवशीं नवी आवृत्ति आली आणि जुन्या फोनवर खेळ उघडेनासा झाला. नवा फोन आणिला, पण तेथें तिची ओळख उरली नव्हती. पांच वर्षांचे जिंकलेले डाव गेले. "डाव गेले तर गेले," ती म्हणाली, "पण मी नवखी कशी?" या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. निर्मात्यांचा दोष किती आणि पाहुणी म्हणून खेळत राहिलेल्या मावशीचा किती, हें ठरविणें कठीण आहे. परंतु घर दुरुस्त करतांना आंत राहणारास आधीं सांगावें, एवढी अपेक्षा कांहीं फार नव्हे.

दिवाळींत नात आली, तेव्हां मावशीनें ट्रंकेंतून आईचा सारीपाट काढला. एका भुजेस धोतराच्या फडक्याचें ठिगळ होतें. सहा कवड्यांपैकीं एक हरवली होती. नातीनें चिंचोका फोडून त्याची एक डाळ तिच्या जागीं घेतली. पांढरी बाजू वर आली तर दान धरावयाचें कीं काळी, यावर दोघींचा वाद जेवण होईपर्यंत चालू होता.