अपस्मार : कोपापासून कारणापर्यंत

मनुष्यजातीला अतिप्राचीन काळापासून ज्ञात असलेल्या विकारांत अपस्माराची, म्हणजे आपण ज्यास फेफरे अथवा मिरगी म्हणतो त्या विकाराची, गणना केली पाहिजे. धडधाकट माणूस बोलता बोलता कोसळतो, त्याचे हातपाय आखडतात, आणि काही वेळाने शुद्धीवर येऊन तो भोवतालच्या भेदरलेल्या चेहऱ्यांकडे पाहू लागतो. अशा प्रसंगी पाहणारास दैवी कोप वा भूतबाधा आठवावी यात नवल नाही. नवल हे की, सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीस देशात हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या एका ग्रंथाने हा समज साफ नाकारून विकाराचे मूळ मेंदूत आहे असे सांगितले. त्याच ग्रंथातील एक निरीक्षण मोठे मार्मिक आहे. झटक्याची चाहूल ज्यांना आधी लागते ते रोगी लोकांपासून दूर पळतात. घर जवळ असेल तर घरी, नसेल तर एकांतात. हे ते देवाच्या भयाने करीत नाहीत, लाजेने करतात.

मूळ मेंदूत आहे असे म्हटल्यावर झटका नेमका केव्हा येतो, हा प्रश्न ओघानेच येतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन या वैद्याने एका अपस्मारी मुलाच्या पित्यास लिहून दिलेला सल्ला आजही उपलब्ध आहे. त्यात औषधाबरोबरच आहार व व्यायाम यांचा तपशीलवार दिनक्रम आखलेला आढळतो. कुंभाराच्या फिरत्या चाकाकडे पाहिल्याने झटका येतो, हे त्याच शतकातील अपुलेयस या लेखकाने नमूद केले आहे. आमच्या चरकसंहितेतही अशा रोग्यास पाणी, अग्नी, वृक्ष व पर्वत यांपासून सदैव जपावे, असा इशारा दिला आहे. विहिरीच्या काठी वा चुलीपाशी आलेला झटका किती घातक ठरतो, हे जाणणाऱ्याचाच तो इशारा होय.

अर्वाचीन शास्त्राने या अनुभवांचा उलगडा केला. मेंदूतील करड्या भागात एकाएकी होणारा अतिरेकी शक्तिपात म्हणजे झटका, असे मत इंग्रज वैद्य ह्यूलिंग्ज जॅक्सन याने १८७३ साली मांडले. १९२९ साली हान्स बर्गर याने मानवी मेंदूतील विद्युल्लहरींचे आलेख प्रसिद्ध केले. दरम्यान १८५७ मध्ये ब्रोमाइड व १९१२ मध्ये फिनोबार्बिटल उपयोगात आले होते. १९३८ मध्ये फेनिटॉइनची भर पडली. मूळ आणि निमित्त यांतील भेदही आता स्पष्ट झाला. जागरणाने अपस्मार जडत नाही. परंतु ज्याच्या मेंदूची सहनमर्यादा आधीच खालावली आहे, त्यास ते सीमेपार ढकलते. चुकलेली गोळी, मद्य व ताप यांचेही तसेच. काही थोड्यांना लुकलुकणारा प्रकाश बाधतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानात दूरचित्रवाणीवरील एका बालचित्रमालेत लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला, आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. दक्षिण भारतात डोक्यावर कढत पाणी घेताना झटका येणारे रोगी आढळले आहेत. निमित्त ज्याचे त्याचे निराळे असते. म्हणून झटक्याची वेळ, आदल्या रात्रीची झोप आणि औषधाचा नेम यांची नोंद ठेवणारी साधी वही वैद्यास मोलाची वाटते. नियमित दिनचर्येने औषधाला बळ येते. औषधाची जागा मात्र ती घेऊ शकत नाही.

आता आपल्या घरांकडे वळू. झटका आलेल्यास कांदा वा पायताण हुंगवण्याची रीत अद्याप पुरती गेलेली नाही. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या अपस्माराचा विवाहास बाध आणणाऱ्या गोष्टींत समावेश झाला होता. तो शब्द १९९९ मध्ये काढला गेला. कायद्याने तो वगळला, तरी सोयरीक जुळविताना तो लपविला जातोच. लपविण्याचा परिणाम काय होतो? नवी सून सर्वांदेखत गोळी घेऊ शकत नाही, म्हणून ती चुकते. लग्नघरातील जागरणे टाळण्याचे कारण सांगता येत नाही, म्हणून ती घडतात. आणि ज्या झटक्याच्या भयाने सारे झाकले तोच भर मांडवात येऊन उभा राहतो. ग्रीक ग्रंथकाराने पाहिलेली लाज अशा रीतीने स्वतःच एक निमित्त होऊन बसते.

यास्तव घरातील प्रत्येकास ही गोष्ट ठाऊक असावी. झटका आल्यास रोग्यास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे, आणि पाच मिनिटांत झटका न थांबल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. एवढे जाणणारी माणसे भोवती असली, तर चाहूल लागताच रोग्यास एकांत शोधावा लागणार नाही. तो त्यांच्याकडेच धाव घेईल.