परकीय रहिवाशांची पत्तानोंदणी, अमेरिकेतील

परक्या देशात दीर्घकाळ राहणाऱ्या, परंतु त्या देशाचे नागरिकत्व न मिळालेल्या व्यक्तीने आपल्या निवासाचे ठिकाण व त्यात होणारे बदल शासनास कळविण्याविषयीचे वैधानिक बंधन. पारपत्र व प्रवेशपरवाना यांचे काम मुख्यतः सरहद्दीवर असते. पत्तानोंदणी मात्र परकीयाच्या सर्व वास्तव्यभर त्याच्या मागे असते. जर्मनी, जपान यांसारख्या काही देशांत नागरिकांनाही आपला पत्ता स्थानिक कचेरीत नोंदवावा लागतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नागरिकावर असे सर्वसाधारण बंधन नाही. त्यामुळे तेथे पत्ता कळवावा लागणे हीच परकीयत्वाची एक खूण ठरते. या नोंदणीचा तेथील इतिहास पाहता असे दिसते, की गोळा झालेल्या पत्त्यांचा उपयोग शासनाला थोडाच झाला. पत्ता न कळविल्याबद्दलची शिक्षा मात्र, हवी तेव्हा वापरता येण्याजोगी, कायद्यात कायम राहिली.

फ्रान्सशी युद्ध जुंपण्याची भीती असताना १७९८ मध्ये संमत झालेल्या नागरिकीकरणाच्या कायद्यात परकीयांच्या नोंदणीची तरतूद होती. तो कायदा १८०२ मध्ये रद्द झाला. त्यानंतर दीर्घकाळ कोठेही जाऊन राहण्याची मोकळीक परकीयांस होती. तिला पहिला मोठा छेद गेला, तो चिनी मजुरांच्या बाबतीत. १८८२ च्या कायद्याने त्यांचे नवे आगमन बंद झाले होतेच. १८९२ च्या गिअरी कायद्याने देशात आधीपासून असलेल्या प्रत्येक चिनी मजुराने एका वर्षात निवासाचा दाखला घ्यावा, असे फर्माविले. दाखला नसलेला मजूर हद्दपारीस पात्र ठरे. दाखला घेणे अपरिहार्य कारणाने राहून गेले असेल, तर आपण या देशाचे जुने रहिवासी आहोत हे त्याने निदान एका विश्वासार्ह गोऱ्या साक्षीदाराकडून सिद्ध करावे, अशी अट होती. सॅन फ्रॅन्सिस्को येथील चिनी संघटनांनी नोंदणीवर बहिष्कार पुकारला व मुदत संपेपर्यंत बहुसंख्य मजूर नोंदणीपासून दूर राहिले. फाँग यू टिंग खटल्यात (१८९३) सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन अशा मताधिक्याने कायदा वैध ठरविला. हद्दपारी ही गुन्ह्याबद्दलची शिक्षा नव्हे, असे बहुमताचे म्हणणे होते. या भूमिकेमुळे फौजदारी खटल्यातील आरोपीस मिळणारी घटनात्मक संरक्षणे हद्दपारीच्या कामात परकीयास मिळेनाशी झाली. पुढील सर्व नोंदणी कायद्यांवर या निर्णयाची छाया आहे. चिन्यांविषयीचे हे कायदे १९४३ मध्ये, चीन युद्धातील दोस्त राष्ट्र झाल्यावर, रद्द करण्यात आले.

सर्व परकीयांस लागू होणारी नोंदणी १९४० मध्ये आली. तत्पूर्वी मिशिगन, पेनसिल्व्हेनिया इ. राज्यांनी स्वतःचे नोंदणी कायदे केले होते. हा विषय संघीय शासनाच्या कक्षेतील आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने हाइन्झ विरुद्ध डेव्हिडोविट्झ या खटल्यात (१९४१) स्पष्ट केले. जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला आणि परकीयांत हेर व घातपाती दडले असल्याचा संशय अमेरिकेत बळावला. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी परकीय नोंदणी कायद्यावर (स्मिथ कायदा) स्वाक्षरी केली. चौदा वर्षे व त्यांवरील प्रत्येक परकीयाने नाव नोंदवून बोटांचे ठसे द्यावेत, निवास बदलल्यास पाच दिवसांत कळवावे आणि तात्पुरत्या वास्तव्यासाठी आलेल्याने, पत्ता बदललेला नसला तरी, दर तीन महिन्यांनी तो कळवावा, असे त्यात होते. २७ ऑगस्ट ते २६ डिसेंबर १९४० या चार महिन्यांत सुमारे ५० लक्ष परकीयांनी नोंदणी केली. नोंदणीचे काम पोलीस ठाण्यांऐवजी टपाल कचेऱ्यांकडे सोपविले होते. कामाचे संचालक अर्ल हॅरिसन यांनी नोंदणी म्हणजे संशय नव्हे, असे परोपरीने सांगितले. ते प्रामाणिकही असावेत. परंतु पर्ल हार्बरनंतर जपानी, जर्मन व इटालियन नागरिकांना ‘शत्रुदेशीय’ म्हणून १९४२ च्या प्रारंभी पुन्हा नोंदणी करून ओळखपत्रे घ्यावी लागली व त्यांच्या प्रवासावर आणि स्थलांतरावर निर्बंध आले. इटालियनांवरील निर्बंध त्याच वर्षी ऑक्टोबरात उठले. पश्चिम किनाऱ्यावरील जपान्यांस मात्र, त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या व म्हणून नागरिक असलेल्या मुलांसह, छावण्यांत नेण्यात आले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. यूरोपीय स्थलांतरितास परकीयत्व ही एक अवस्था होती. काही वर्षांनी नागरिकत्व घेऊन तीतून बाहेर पडता येई. आशियाई माणसास ती वाट बंद होती. भगतसिंग थिंड खटल्यात (१९२३) सर्वोच्च न्यायालयाने भारतीय हे कायद्याच्या अर्थाने ‘गोरे’ नसल्यामुळे नागरिकत्वास अपात्र होत, असा निर्णय दिला. परिणामतः कॅलिफोर्नियात अनेक वर्षे शेती करणाऱ्या पंजाबी शेतकऱ्यासही १९४० मध्ये टपाल कचेरीत जाऊन परकीय म्हणूनच ठसे द्यावे लागले. भारतीयांस नागरिकत्वाचा हक्क १९४६ मध्ये व जपान्यांस १९५२ मध्ये मिळाला.

युद्ध संपले तरी नोंदणी राहिली. साम्यवादविरोधी लाटेत संमत झालेल्या १९५० च्या अंतर्गत सुरक्षा कायद्याने सर्व परकीयांवर वार्षिक पत्तानिवेदनाचे बंधन घातले. १९५२ च्या मॅकॅरन-वॉल्टर कायद्याने त्यासाठी जानेवारी महिना ठरवून दिला व पत्ताबदल कळविण्याची मुदत दहा दिवसांची केली. टपाल कचेरीतून छापील कार्ड आणावयाचे, भरावयाचे व परत द्यावयाचे, एवढेच ते काम. १९६५ च्या कायद्याने आशियाई स्थलांतरितांवरील जुनी बंधने दूर झाल्यावर भारतातून, अर्थात महाराष्ट्रातूनही, गेलेल्या डॉक्टर-अभियंत्यांच्या पिढीला नागरिकत्व मिळेपर्यंत हा जानेवारीचा परिपाठ पाळावा लागे. कार्ड भरण्यास दोन मिनिटे पुरत. ते न भरल्यास २०० डॉलरपर्यंत दंड, तीस दिवसांपर्यंत कैद आणि त्याशिवाय हद्दपारी अशी तरतूद होती. चूक हेतुपुरस्सर नव्हती किंवा क्षम्य होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी परकीयावरच होती. कार्डांचे गठ्ठे दरवर्षी साचत. त्यांतून एखाद्याचा पत्ता शोधून काढणे मात्र जिकिरीचे होते. खर्चाच्या मानाने उपयोग नाही, हे लक्षात आल्यावर डिसेंबर १९८१ च्या कायद्याने वार्षिक निवेदन बंद केले. पत्ताबदल दहा दिवसांत कळविण्याचे बंधन व त्याची शिक्षा यांना त्याने हात लावला नाही. उलट, विशिष्ट देशांच्या नागरिकांस दहा दिवसांच्या सूचनेने पत्ता कळविण्यास सांगण्याचा अधिकार महान्यायवाद्यांस दिला. १९७९ मध्ये तेहरानमधील अमेरिकन वकिलातीतील कर्मचारी ओलीस धरले गेले, तेव्हा इराणी विद्यार्थ्यांना हजर होऊन आपला पत्ता व शिक्षणाचा तपशील देण्यास भाग पाडण्यात आले होते. त्याची पार्श्वभूमी या तरतुदीमागे दिसते.

पुढील वीस वर्षे दहा दिवसांचा नियम बहुतेकांच्या विस्मरणात गेला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर, जुलै २००२ मध्ये, न्याय खात्याने तो कसोशीने अंमलात आणण्याचे जाहीर केले आणि पत्ताबदलाच्या अर्जांचा लोंढा लोटला. तो हाताळण्याची व्यवस्था खात्याजवळ नव्हती. त्याच वर्षी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने खात्याकडील पत्ते विश्वसनीय नसल्याचा अहवाल दिला. याच सुमारास २५ देशांच्या पुरुष नागरिकांसाठी विशेष नोंदणी सुरू झाली. त्यांपैकी उत्तर कोरिया वगळता सर्व देश मुस्लिमबहुल होते. पाकिस्तान व बांगला देश त्यांत होते, भारत नव्हता. डिसेंबर २००२ मध्ये लॉस अँजेल्स परिसरात नोंदणीसाठी आपण होऊन आलेल्या शेकडो व्यक्तींना अटकेत ठेवण्यात आले. देशात आधीपासून असलेल्या सु. ८०,००० हून अधिक व्यक्तींनी ही नोंदणी केली व १३,००० हून अधिक जणांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली. २०११ मध्ये ती योजना स्थगित झाली आणि डिसेंबर २०१६ मध्ये तिचे नियम रद्द झाले.

पत्त्याला दुसऱ्या एका बाजूनेही महत्त्व आले आहे. हद्दपारीच्या सुनावणीची सूचना परकीयाने कळविलेल्या शेवटच्या पत्त्यावर पाठविली, तरी ती पुरेशी मानली जाते. त्याने पत्ताच कळविला नसेल, तर सूचनेची गरजही उरत नाही आणि गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम होऊ शकतो. १९९६ च्या कायद्यात ही व्यवस्था आहे. भाड्याची खोली वरचेवर बदलणाऱ्या मजुराला हा नियम कायमची नोकरी व घर असलेल्या माणसापेक्षा कितीतरी अधिक जाचक ठरतो, हे उघड आहे. एप्रिल २०२५ पासून पूर्वी नोंदणी न झालेल्या, चौदा वर्षे व त्यांवरील परकीयांसाठी नवा नोंदणी अर्ज लागू झाला. त्याचा आधार १९४० व १९५२ चे कायदेच आहेत.

भारतात परकीयांची नोंदणी १९३९ च्या कायद्याने सुरू झाली. १ सप्टेंबर २०२५ पासून १९३९ व १९४६ च्या कायद्यांची जागा नव्या एकत्रित कायद्याने घेतली. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेली मराठी व्यक्ती भारतात परतली, तर कायद्याने ती परकीय ठरते. ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ हे कार्ड असल्यास तिला नोंदणीतून सूट मिळते. तथापि मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार भारतातील कायमचा पत्ता किंवा व्यवसाय बदलल्यास तिने ते परकीय नोंदणी कार्यालयास ईमेलने कळवावयाचे असते.