ताप उतरल्यानंतर

दुखणे येते हत्तीच्या पावलांनी आणि जाते मुंगीच्या पावलांनी, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. आपल्या आज्या-पणज्यांना हे ज्ञान ग्रंथ वाचून झाले नव्हते; घरातील आजाऱ्यांच्या उशाशी बसून, त्यांचे पथ्यपाणी सांभाळून ते त्यांना लाभले होते. परंतु आश्चर्याची गोष्ट अशी की, साथींचा जो इतिहास लिहिला गेला, त्यात हत्तीच्या पावलांची नोंद मोठ्या तपशिलाने आढळते; मुंगीच्या पावलांची मात्र फारशी कोणी केलेली नाही. साथ कोठे सुरू झाली, किती दगावले, हे आकडे सरकारी दप्तरांत सापडतात. जे वाचले, त्यांना पुन्हा पूर्वीसारखे उभे राहण्यास किती महिने लागले, आणि कित्येकांना ते का साधले नाही, हे त्या दप्तरांत क्वचितच सापडते. कोविडच्या साथीने हे राहून गेलेले पान उघडले. त्या पानाची हकीकत येथे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत रोगाचा विषय कशाला, असे एखादीस वाटेल. परंतु घरात आजार आला की शुश्रूषा कोणाकडे येते, आणि स्वतः आजारी पडल्यावर सर्वांत आधी कोणाला उठावे लागते, हे आपणां भगिनींना निराळे सांगावयास नको.

या इतिहासाचा आरंभ १८८९ पासून करणे सोयीचे होईल. त्या वर्षाच्या अखेरीस रशियातून एक तापाची साथ निघाली आणि आगगाडीच्या व आगबोटीच्या वेगाने जगभर पसरली. ‘रशियन फ्ल्यू’ या नावाने ती ओळखली जाते. (ती फ्ल्यूची नसून कोविडच्याच कुळातील एका विषाणूची असावी, असा तर्क अलीकडे काही संशोधकांनी केला आहे, तो सिद्ध झालेला नाही.) या साथीत ताप चार-सहा दिवसांत उतरे, परंतु त्यानंतर कित्येकांना महिनोन्‌महिने थकवा, निद्रानाश, उदासी आणि मज्जातंतूंची दुखणी जडत. इंग्लंडमधील प्रसिद्ध समाजसेविका जोसेफिन बटलर या अशा रुग्णांपैकीच एक. स्त्रियांवर अन्याय करणारे कायदे रद्द व्हावेत म्हणून वर्षानुवर्षे झगडलेली ही कणखर बाई. परंतु या आजारानंतर अर्धा तास वाचन-लेखन केले तरी आपणास ग्लानी येऊन आडवे व्हावे लागते, असे तिने पत्रात लिहून ठेवले. त्या काळच्या डॉक्टरांनीही हे पाहिले होते व लिहिलेही होते. पण साथ ओसरली, आणि त्यांचे लिखाण कपाटात गेले.

पुढे १९१८ ची ‘मानमोडी’ आली. आपल्या भागात ती जूनमध्ये मुंबई बंदरावर प्रथम दिसली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिने उग्र रूप धारण केले. एकट्या मुंबई शहरात ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी ७६८ माणसे मृत्यू पावली. साऱ्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. काहींच्या मते हा आकडा पावणेदोन कोटींच्या घरात जातो. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, हे जनगणनेवरून दिसतेच. येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे. या साथीत आपल्या देशात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या. अर्धपोटी राहणे आणि स्वतः तापात असतानाही घरच्यांची शुश्रूषा करीत राहणे, ही त्याची कारणे सांगितली जातात. त्याच वर्षी पाऊसही रुसला होता. अशा स्थितीत ज्या वाचल्या, त्या अंथरुणावरून केव्हा उठल्या आणि कशा वावरल्या, हे कोण लिहून ठेवणार? पूर्व आफ्रिकेतील टांगानिकाच्या काही भागांत मात्र या अशक्ततेचा परिणाम असा झाला की, तो झाकून राहिला नाही. साथीतून उठलेल्या शेतकऱ्यांच्या अंगात पेरणीचे बळच उरले नाही आणि तेथे दुष्काळ पडला. अशक्तपणा ही केवळ मनाची कल्पना असती, तर शेते अशी ओस पडली असती काय?

त्याच सुमारास युरोपात ‘निद्रारोगा’ची निराळी साथ आली. व्हिएन्नाच्या फॉन इकॉनोमो यांनी १९१७ साली तिचे वर्णन केले. तिचा फ्ल्यूशी संबंध होता की नाही, याचा निकाल आजतागायत लागलेला नाही. परंतु त्या आजारातून वाचलेल्यांपैकी काही जण पुढे दगडासारखे निश्चल झाले आणि चाळीस-पन्नास वर्षे रुग्णालयांतून पडून राहिले. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांनी त्यांच्यावर एल-डोपा या औषधाचा प्रयोग केला, तेव्हा त्यांतील कित्येक जण काही काळ पुन्हा बोलू-चालू लागले. जगाने ज्यांना विसरून टाकले होते, ती माणसे आत जिवंत होती!

यानंतरची हकीकत आपल्याला अधिक जवळची आहे. लंडनमध्ये रॉयल फ्री नावाचे रुग्णालय आहे. स्त्रियांना वैद्यकीचे प्रत्यक्ष शिक्षण देण्यासाठी लंडनमध्ये प्रथम दार उघडले ते याच रुग्णालयाने, १८७७ साली. आपल्या मुंबईच्या डॉ. रखमाबाई लंडनला शिकावयास गेल्या, तेव्हा त्यांचे शिक्षणही या संस्थेशी निगडित होते. १८९४ साली त्या डॉक्टर होऊन परतल्या. त्या २५ सप्टेंबर १९५५ रोजी निवर्तल्या, आणि योगायोग असा की, नेमके त्याच वेळी हे रुग्णालय एका अनाकलनीय साथीमुळे बंद होते. जुलै ते नोव्हेंबर १९५५ या काळात तेथील २९२ कर्मचारी आजारी पडले. घसा दुखणे, डोके दुखणे, स्नायूंच्या वेदना, हातपाय गळून जाणे, आणि काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षे न संपणारा थकवा, असे त्याचे स्वरूप होते. आजारी पडलेल्यांत परिचारिकांचा भरणा मोठा होता. पंधरा वर्षांनी, १९७० साली, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी कागदपत्रे चाळून निष्कर्ष काढला की, हा सारा सामूहिक उन्मादाचा, म्हणजे ‘हिस्टेरिया’चा, प्रकार असावा. त्यांच्या पुराव्यांपैकी एक मोठा पुरावा कोणता? तर आजारी पडलेल्यांत स्त्रिया अधिक होत्या हा! ज्या डॉक्टरांनी हे रुग्ण प्रत्यक्ष तपासले होते, त्यांनी या मताला विरोध केला. पण तो शिक्का पुढे कित्येक वर्षे पुसला गेला नाही.

आपल्याकडेही अशी उदाहरणे नाहीत असे नाही. चिकुनगुन्याचा ताप १९७३ साली बार्शीस येऊन गेला आणि २००५-०६ मध्ये तर महाराष्ट्रातील अनेक गावांनी तो अनुभवला. ताप आठवड्यात गेला. परंतु कित्येक बायांना पुढे महिनोन्‌महिने पाटा-वरवंटा उचलवेना, की कपडे पिळवेनात. २००३ च्या सार्सच्या साथीनंतर कॅनडातील टोरांटो शहरातही रुग्णालयातील कर्मचारी, ताप जाऊन वर्षे लोटली तरी, थकवा, अंगदुखी व बिघडलेली झोप घेऊन जगत होते. म्हणजे इशारे मिळत होते. ऐकणारे थोडे होते.

असो. आता कोविडकडे वळू. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधील पाहणीवरून असे सांगण्यात आले की, सौम्य रुग्ण सुमारे दोन आठवड्यांत आणि गंभीर रुग्ण तीन ते सहा आठवड्यांत बरे होतात. आपल्याकडे मार्चमध्ये टाळेबंदी लागली. पुढील काही महिन्यांत रुग्ण दोनच प्रकारांनी मोजले जाऊ लागले : बरे झालेले आणि मृत. तिसरा रकानाच नव्हता. परंतु त्या तिसऱ्या रकान्यातली माणसे देशोदेशी वाढत चालली होती. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्व-संशोधक महिलेने, स्वतःच्या आजाराविषयी लिहिताना, ट्विटरवर ‘लाँग कोविड’ हे शब्द वापरले. तिकडे अमेरिकेत काही रुग्णांनी, ज्यांत तरुण स्त्रिया पुढे होत्या, एकत्र येऊन आपल्यासारख्यांची पाहणी सुरू केली. त्यांच्या पहिल्या पाहणीत ६४० जणांनी उत्तरे दिली. पुढे २०२१ साली त्यांनीच ५६ देशांतील ३,७६२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि दोनशेहून अधिक लक्षणे नोंदवली. ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णांच्या प्रतिनिधींचे म्हणणे ऐकून घेतले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये या विकाराची अधिकृत व्याख्या केली. संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी असणारी, निदान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही रोगाने उलगडा न होणारी लक्षणे, अशी ती व्याख्या आहे. वैद्यकाच्या इतिहासात एखाद्या रोगाला रुग्णांनीच नाव द्यावे आणि ते नाव शास्त्राने स्वीकारावे, असे फार क्वचित घडले असेल.

हा विकार विरळा आहे असेही नाही. कोविड झालेल्या दर शंभरांत सुमारे सहा जणांना तो जडतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. ताप सौम्य होता म्हणून तो होत नाही असे नव्हे. लस घेतल्याने त्याचा धोका कमी होतो, असे दिसून आले आहे. लक्षणे म्हणाल तर थकवा, धाप, छातीत धडधड, सांधेदुखी, झोपेचा बिघाड, आणि एक विलक्षण विसराळूपणा. जिरे आणण्यास म्हणून फडताळ उघडावे आणि कशाला उघडले तेच आठवू नये, असा तो प्रकार. कोणाचा वास जातो. गृहिणीला वास नसणे म्हणजे काय, हे पुरुषांना पटकन उमगत नाही. फोडणी करपली, दूध लागले, गॅस सुटला, यांपैकी काहीच कळत नाही. कारणांविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. विषाणूचे अवशेष शरीरात राहत असावेत, किंवा शरीराची संरक्षक शक्ती शरीरावरच उलटत असावी, किंवा सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होत असावी, असे निरनिराळे तर्क आहेत. रक्ताचे व छातीचे साधे तपास पुष्कळदा निर्दोष येतात. आणि येथेच घोटाळा होतो. “रिपोर्ट तर चांगले आहेत, मग झाले काय तुला?” हा प्रश्न कित्येकींना आजारापेक्षा अधिक लागतो.

आपल्या देशात २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीच्या भयंकर रोगाने कोविडोत्तर दुखण्यांकडे सर्वांचे लक्ष वेधले, आणि ते योग्यच होते. परंतु जे दुखणे डोळ्यांना दिसत नाही, ते मागे पडले. आपल्या भाषेत आपण ‘आजारातून उठणे’ म्हणतो. एकदा उठली की बाई कामाला लागलीच, असा त्याचा व्यवहारातला अर्थ झाला आहे. बाळंतिणीला आपण सव्वा महिना देतो. तापातून उठलेलीला सव्वा दिवसही देत नाही.

यावर हमखास गुण देणारे औषध अजून निघालेले नाही. परंतु बहुसंख्य रुग्ण काही महिन्यांत, वर्षभरात हळूहळू सुधारतात, ही मोठी धीराची गोष्ट आहे. अनुभवाने काही मार्गही सापडले आहेत. त्यांतील पहिला, अंथरूण पाहून पाय पसरणे. बऱ्याच रुग्णांत असे आढळते की, एके दिवशी बरे वाटले म्हणून सारी साफसफाई उरकली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग पार गळून जाते. अशांना “चालत राहा, जोर लाव” असा आग्रह करणे हितावह नसते. कामाचे तुकडे करावेत, भाजी बसून चिरावी, पोळ्या बसून लाटाव्यात, थकवा येण्यापूर्वीच टेकावे. वास गेलेल्यांसाठी जर्मनीतील थॉमस हुमेल यांनी २००९ साली कोविडपूर्वीच एक सोपा अभ्यास सुचवला होता. गुलाब, लिंबू, लवंग व निलगिरी यांचे वास सकाळ-संध्याकाळ, लक्ष देऊन, निदान बारा आठवडे घ्यावयाचे. यास पैसा लागत नाही, चिकाटी लागते. मात्र प्रत्येक थकवा कोविडचाच, असे घरी ठरवून मोकळे होऊ नये. रक्तक्षय, थायरॉईड, मधुमेह, हृदयाचे विकार यांचीही लक्षणे अशीच असतात. तेव्हा डॉक्टरांकडून तपासणी अवश्य करून घ्यावी. छातीत दुखले, बसल्या जागी धाप लागली, तर क्षणाचाही विलंब करू नये.

रखमाबाईंच्या पिढीतील स्त्रियांनी स्त्री-रुग्णांचे ऐकून घेणारे डॉक्टर हवेत म्हणून समुद्र ओलांडला. आपल्याला तेवढे लांब जावे लागणार नाही. शेजारची एखादी भगिनी सभेला येईनाशी झाली, हळदीकुंकवाला आली तरी भिंतीला टेकून बसू लागली, तर ‘आळशी झाली’ असे म्हणण्यापूर्वी तिच्या घरी जावे, विचारावे, आणि ती सांगेल ते खरे मानावे. आठवड्यातून एकदा तिच्या घरचे दळण आणून दिले, मुलांना दोन तास आपल्याकडे बसवले, तरी तिचा तो दिवस निभावून जातो. एवढे काम आपल्या मंडळाच्या आवाक्यातले खासच आहे.