नवोदिताला वरच्या संघात कधी घ्यावे? भारतीय क्रिकेटमधील निवडीचा इतिहास (१९८३ ते १९९४)

खेळाचा इतिहास आपण बहुधा धावा आणि बळी यांच्या आधारे वाचतो. प्रत्येक धावफलकाच्या मागे मात्र आणखी एक निर्णय असतो: या खेळाडूला आज घ्यायचे की आणखी वर्षभर थांबवायचे? या टिपणात आपण तो निर्णय तपासणार आहोत. उदाहरणे क्रिकेटची असली, तरी क्रिकेट खेळता येत नसेल तर काही अडणार नाही.

१. लवकर संधी

सर्वांना ठाऊक असलेल्या उदाहरणापासून सुरुवात करू. डिसेंबर १९८८ मध्ये पंधरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरने मुंबईकडून रणजी पदार्पणातच गुजरातविरुद्ध नाबाद शतक केले. १९८९ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी त्याचे नाव चर्चेत होते, पण निवड झाली नाही. तिथल्या वेगवान माऱ्यासमोर इतक्या कोवळ्या वयात त्याला उभे करू नये, असा विचार त्यामागे होता. पुढे नोव्हेंबर १९८९ मध्ये, राजसिंह डुंगरपूर निवड समितीचे अध्यक्ष असताना, तो सोळाव्या वर्षी कराचीत पहिली कसोटी खेळला. पहिल्या डावात १५ धावा झाल्या. सियालकोटला नाकावर चेंडू बसला, तरी त्याने ५७ धावा केल्या. पहिले कसोटी शतक ऑगस्ट १९९० मध्ये मँचेस्टरला आले.

आता दुसरे उदाहरण घ्या. लक्ष्मण शिवरामकृष्णन १९८३ मध्ये सतराव्या वर्षी कसोटी खेळला. १९८४ मध्ये मुंबईत इंग्लंडविरुद्ध त्याने १२ बळी घेऊन सामना जिंकून दिला. पण शेवटची कसोटी तो जानेवारी १९८६ मध्ये, जेमतेम विशीत खेळला. एकूण कसोट्या ९, बळी २६.

दोघांचे वय जवळपास सारखे, निष्पत्ती मात्र अगदी वेगळी. म्हणजे केवळ वय पाहून उत्तर मिळत नाही.

२. थांबवून ठेवणे

तिसरे उदाहरण आमच्या म्हैसूरचे. येथील श्री जयचामराजेंद्र अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या जवागल श्रीनाथने १९८९-९० च्या हंगामात कर्नाटककडून प्रथम श्रेणी पदार्पणातच हैदराबादविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली. नोव्हेंबर १९९१ मध्ये ब्रिस्बेनला तो पहिली कसोटी खेळला. त्यानंतर १९९३ आणि १९९४ च्या सुरुवातीला भारतात सात कसोट्या झाल्या: इंग्लंडविरुद्ध तीन, झिंबाब्वेविरुद्ध एक, श्रीलंकेविरुद्ध तीन. या सातही सामन्यांत श्रीनाथ अंतिम अकरांत नव्हता.

कारणे शोधा. खेळपट्ट्या फिरकीच्या होत्या. अनिल कुंबळे, व्यंकटपती राजू आणि राजेश चौहान हे तिघे फिरकीपटू खेळत. वेगवान गोलंदाजांसाठी दोनच जागा उरत आणि तिथे कपिल देव व मनोज प्रभाकर होते. दोघेही फलंदाजी करत. त्यातच कपिल देव रिचर्ड हॅडलीच्या ४३१ बळींच्या विक्रमाजवळ येत होता. तो विक्रम फेब्रुवारी १९९४ मध्ये अहमदाबादला मोडला.

इथे घाईने निकाल देऊ नका. भारताने त्या सातही कसोट्या जिंकल्या. संघाच्या बाजूने पाहिले तर काहीच बिघडले नाही. खर्च झाला तो एका वेगवान गोलंदाजाच्या बाविसाव्या ते पंचविसाव्या वर्षांचा, आणि तो कोणत्याही धावफलकात दिसत नाही. १९९४ च्या अखेरीस मुंबईत वेस्ट इंडीजविरुद्ध मायदेशातली पहिली कसोटी मिळाली, तेव्हा श्रीनाथ सामनावीर ठरला. पुढे ६७ कसोट्यांत २३६ बळी त्याच्या नावावर लागले.

३. पैशाचा हिशोब

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हाच प्रश्न करारात गुंतलेला आहे. तिथे सर्वोच्च स्तरावर सहा पूर्ण वर्षे खेळल्यावर खेळाडूला आपला संघ स्वतः निवडता येतो, आणि १७२ दिवस भरले की एक वर्ष धरले जाते. शिकागो कब्ज संघाने क्रिस ब्रायंटला २०१५ चा हंगाम सुरू झाल्यावर काही दिवसांनी, १७ एप्रिलला, वर घेतले. त्याचे १७१ दिवस भरले. त्या वर्षी तो आपल्या लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, पण संघाचा त्याच्यावरचा हक्क एक वर्षाने वाढला. त्याने दाद मागितली. २०२० मध्ये निकाल विरोधात गेला. श्रीनाथला ज्येष्ठतेने थांबवले, ब्रायंटला हिशोबाने.

४. जे दिसत नाहीत

इतिहासाच्या अभ्यासात एक सापळा असतो. यशस्वी ठरलेल्यांवरूनच आपण नियम बनवतो. म्हणून ज्यांची पाळी आलीच नाही, त्यांच्याकडेही पाहा. मुंबईच्या पद्माकर शिवलकरने प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले. त्याच काळात डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदीकडे होती. अमोल मुझुमदारने १९९४ मध्ये रणजी पदार्पणात २६० धावा केल्या आणि पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक. पण मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. दोघांनाही एकही कसोटी मिळाली नाही. मुझुमदार नोव्हेंबर २०२५ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक होता.

५. सारांश

‘कधी’ या एका शब्दात तीन प्रश्न दडलेले आहेत. खेळाडू तयार आहे का? जागा रिकामी आहे का? थांबण्याची किंमत कोण मोजतो? पहिल्याचे उत्तर खेळाडूच्या हाती असते, उरलेल्या दोन्हींचे नसते. निवड करणारे बहुतेकदा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याचे म्हणून सांगतात: ‘अजून तयार नाही.’ उद्या तुम्ही एखाद्या प्रकल्पासाठी, प्रयोगशाळेसाठी वा कार्यालयासाठी माणसे निवडाल, तेव्हा हे तीन प्रश्न वेगळे ठेवा आणि थांबवायचेच असेल, तर खरे कारण त्या माणसाला सांगा.

स्वाध्याय: तुमच्या राज्याच्या रणजी संघातील असा एक खेळाडू निवडा, ज्याला कसोटी मिळाली नाही. त्याच्या काळात ती जागा कोणाकडे होती ते शोधा आणि वरील तीन प्रश्नांची उत्तरे स्वतंत्रपणे लिहा.