सजग कलाखेळ (बालवयातील)

सजग कलाखेळ : साधारण 3 ते 8 वर्षांच्या मुलांसाठीचे चित्र, माती, रंग, रांगोळी यांचे असे खेळ, ज्यांत तयार वस्तूपेक्षा ती करताना हाताला, डोळ्याला आणि कानाला काय जाणवते याकडे मुलाचे लक्ष असते. चित्र सुंदर झाले की नाही, हा प्रश्न इथे गौण आहे. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात प्रौढ रुग्णांसाठी सजगतेचे शिक्षण सुरू केले आणि तिथून ही कल्पना हळूहळू शाळांपर्यंत पोहोचली. मात्र लहान मूल हाताच्या कामातून एकाग्र होते, हे मारिया मॉण्टेसरी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच रोमच्या बालगृहात पाहिले आणि लिहून ठेवले होते.

महाराष्ट्रात या विचाराला स्वतःचा इतिहास आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम उभारले. महागड्या साधनांच्या जागी त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने अशा आसपास मिळणाऱ्या वस्तू आणल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. हातात घेतलेला शिंपला खरखरीत कुठे आहे आणि गुळगुळीत कुठे, हे मुलाने बोटांनी ओळखावे. त्यासाठी विकतचे काही लागत नाही. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद यांनी वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये गांधीजींच्या नई तालीम शिक्षणातल्या मुलांना कला शिकवली. शिक्षणात कलेला पायाचे स्थान आहे, अशी त्यांची ठाम भूमिका होती.

वयाचे भान सर्वांत आधी ठेवावे लागते. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांच्या मांडणीनुसार 2 ते 4 हा गिरगोट्यांचा काळ, तर 4 ते 7 या वयात ओळखू येणारे आकार उमटू लागतात. र्‍होडा केलॉग यांनी मुलांची असंख्य चित्रे तपासून गिरगोट्यांचेच 20 मूलभूत प्रकार नोंदवले. अडीच वर्षांच्या मुलाकडून ‘आंबा काढ’ अशी अपेक्षा धरणे म्हणूनच निरर्थक आहे. त्याला मोठा कागद आणि जाड खडू द्यावा, हात खांद्यापासून फिरू द्यावा.

मराठी घरात यासाठीचे सर्वांत समृद्ध साधन उंबऱ्यापाशीच आहे. रांगोळीची चिमूट अंगठा आणि बोटांमध्ये धरून सोडताना दाब किती, वेग किती, रेघ जाड कुठे झाली, हे सारे त्याच क्षणी डोळ्यांना दिसते. चूक झाली तर बोटाने पुसता येते. त्यामुळे भीती राहत नाही. पाच वर्षांच्या मुलाला चार बाय चार ठिपके पुरतात. आधी फक्त ठिपकेच द्यायला सांगावे, समान अंतरावर, घाई न करता. नंतर ते जोडायचे. जोडताना मूल आपोआप गप्प होते. त्याला गप्प बसवावे लागत नाही. हीच बोटे पुढे पेन्सिल धरतात, हा वेगळा लाभ. दगडाची भुकटी नाकात जाऊ नये म्हणून लहानांना रांगोळीऐवजी तांदळाचे पीठ द्यावे.

वारली चित्रांचा आधार वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन असल्याने ती शाळांत लोकप्रिय आहेत. पण नुसती आकृत्यांची नक्कल करून घेणे अपुरे आहे. लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रंगवतात, तारपा वाद्यावरच्या नाचात माणसे वळत वळत गुंफली जातात, हे सांगितल्यावर मूल प्रत्येक माणसाचा पाय कुठे वळतो ते पाहू लागते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रे शेजारी ठेवली तर आणखी चांगले.

हळदीच्या पाण्यावर मोठ्यांनी चुन्याचा थेंब टाकला की पिवळा रंग लाल होतो. तो बदल पाहून मगच हळदीच्या पिवळ्या रंगाने बोट उमटवायचे, हाही उत्तम खेळ आहे. चुना त्वचेला आणि डोळ्याला झोंबतो, म्हणून तो मुलाच्या हाती देऊ नये. बोट बुडवायला पाणी निव्वळ हळदीचे वेगळे ठेवावे.

छापील आकृत्या रंगवण्याबाबत मतभेद आहेत. 2005 मध्ये अमेरिकेत करी आणि कॅसर यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात मंडल किंवा चौकड्यांची नक्षी रंगवल्याने कोऱ्या कागदापेक्षा अस्वस्थता अधिक कमी झाली. मात्र हे निष्कर्ष तरुणांचे आहेत. ते जसेच्या तसे चार वर्षांच्या मुलावर लादता येत नाहीत. त्या वयात रेघ स्वतः ओढण्यातच लक्ष गुंतते आणि तयार आकृती नेमके तेच काम हिरावून घेते.

मोठ्यांची भूमिका नाजूक आहे. ‘हे काय काढलंस?’ या प्रश्नाने मूल उत्तर शोधू लागते आणि रेघ सुटते. ‘इथे रंग किती दाट झालाय, कसा केलास?’ असे विचारले तर ते पुन्हा कागदाकडे वळते. कामात रमलेल्या मुलाची स्तुतीही मधेच करू नये. मुलाने स्वतः हात थांबवला की खेळ संपवावा, मग दोन मिनिटे झाली असोत वा वीस.

बियांची नक्षी करताना तीन वर्षांखालील मुलांना चिंचोके, वाटाणे देऊ नयेत. ते घशात अडकू शकतात. लालभडक गुंजा तर कोणत्याच वयाच्या मुलाला देऊ नयेत, कारण त्या अत्यंत विषारी असतात.