कानाची साक्ष

1915 ते 1925 या काळात थॉमस एडिसनच्या कंपनीने अमेरिकेतील गावोगावच्या नाट्यगृहांत एक प्रयोग हजारो वेळा केला. रंगमंचावर फोनोग्राफ आणि त्याच्या शेजारी गायिका. यंत्र वाजे, ती त्याच्यासोबत गाई, मध्येच दिवे मालवले जात. आणि दिवे पुन्हा लागले, की गायिका केव्हाच निघून गेली असून यंत्र एकटेच गात आहे, हे प्रेक्षकांच्या ध्यानात येई. 1916 साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मारी रॅपोल्ड यांनी असा कार्यक्रम केला. त्या काळच्या तबकड्या आज ऐकल्या, तर त्यांतली खरखर आणि आक्रसलेला स्वर यांमुळे कुणाची फसगत होईल यावर विश्वास बसत नाही. या प्रयोगांतील एक प्रमुख गायिका ॲना केस यांनी उतारवयात त्याचा उलगडा केला: त्या आपला आवाज यंत्राच्या आवाजाला जुळवून घेत असत. यंत्राने माणसाची नक्कल करण्याऐवजी माणूसच यंत्राची नक्कल करत होता.

ते श्रोते अर्थातच मूर्ख नव्हते. ऐकणे कानात सुरू होते. पण ते कानात पूर्ण होत नाही. समोरचे दृश्य, आधी वाचलेली जाहिरात, शेजारच्याची दाद या साऱ्यांनी मिळून ‘ऐकलेले’ घडते. ऑडिओफाइल म्हणवणाऱ्या ध्वनिशौकिनांच्या जगात महागड्या तारांवरून जो वाद गेली चार-साडेचार दशके चालू आहे, त्याचे मूळ इथे आहे. मात्र या वादाचा इतिहास ‘भाबडे विरुद्ध शहाणे’ अशा सोप्या विभागणीत बसत नाही. कारण आज ज्याला भाबडेपणा म्हटले जाते, त्याचा जन्म संशयातून झाला होता.

जे. गॉर्डन होल्ट हे ‘हाय फिडेलिटी’ या अमेरिकन मासिकात तांत्रिक लेखन करत. जाहिरातदारांना दुखवायचे नाही या मासिकाच्या धोरणाला कंटाळून ते बाहेर पडले आणि 1962 साली त्यांनी ‘स्टिरिओफाइल’ सुरू केले. त्यांचा आक्षेप रास्त होता. उत्पादकांनी छापलेले आकडे एक सांगत आणि घरी वाजणारे यंत्र दुसरेच काही ऐकवी. तेव्हा आकड्यांवर विसंबू नका, ऐका आणि जे ऐकू येते ते प्रामाणिकपणे लिहा, ही त्यांची भूमिका होती. 1973 साली हॅरी पिअरसन यांनी ‘द ॲब्सोल्यूट साउंड’ काढून हीच वाट पुढे नेली. या दोन नियतकालिकांनी ध्वनीची एक समीक्षाभाषा घडवली. आवाजावरचा पडदा दूर होणे, वाद्यांमधली मोकळी हवा, ध्वनीची खोली आणि रुंदी अशा रूपकांनी ती समृद्ध होती. साहित्याच्या अभ्यासकाला ती परकी वाटणार नाही. आस्वादक समीक्षेचीच ती एक शाखा म्हणावी लागेल. विक्रेत्याच्या अधिकाराविरुद्ध रसिकाच्या अनुभवाने केलेले ते बंड होते.

पण बंड यशस्वी झाले, की नवा अधिकार निर्माण होतो. 1970च्या दशकाच्या मध्यापर्यंत ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी तार ही टेबलावरच्या दिव्याला असते तशी साधी वायर असे. 1979 साली नोएल ली यांनी मॉन्स्टर केबल ही कंपनी स्थापन केली आणि तार ही स्वतंत्रपणे निवडण्याची, किंमत मोजण्याची वस्तू झाली. यात भौतिकशास्त्राचा प्रश्न फार गहन नाही. घरगुती जाडीची तांब्याची वायर तीन मीटर अंतरावर नेली, तर तिचा जाऊन-येऊन होणारा रोध आठ ओहमच्या स्पीकरच्या सुमारे एक टक्का भरतो. अंतर फार असेल किंवा तार फार बारीक असेल, तर फरक पडतो. पण तो दूर करायला थोडी जाड तार पुरते. 1983 साली ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या मासिकासाठी लॉरेन्स ग्रीनहिल यांनी मॉन्स्टर केबल आणि साधी वायर यांची तुलना घेतली, तीही कोणती तार जोडली आहे हे श्रोत्यांना न सांगता. आवाजाची पातळी समान केल्यावर श्रोत्यांना दोन्ही वेगळ्या ओळखता आल्या नाहीत.

अशा अंध चाचणीची कल्पना साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेल्या एका पुस्तकाची आठवण करून देते. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये आपल्या विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि त्यांवरचे अभिप्राय मागवले. 1929 साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मधून ते प्रसिद्ध झाले, तेव्हा डन आणि हॉपकिन्स यांना झिडकारणारे अभिप्रायही त्यांत निघाले. नाव झाकले, की अभिरुचीचा आत्मविश्वास कसा डळमळतो, हे त्यातून दिसले. 1994 साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हरमन कंपनीत स्पीकरबाबत हेच दाखवले. एकाच श्रोत्यांनी तेच स्पीकर आधी पडद्याआड आणि मग डोळ्यांसमोर ठेवून ऐकले, तेव्हा त्यांचे गुण बदलले. स्पीकरचा आकार, त्याचे रूप आणि त्यावरचे नाव यांनीही मत दिले होते. महत्त्वाचे म्हणजे, पडद्याआडही चांगले आणि वाईट स्पीकर वेगळे ओळखता येत होते. म्हणजे अंध चाचणी सगळे सारखेच ठरवते, हा आरोप टिकत नाही. जो फरक खरा असतो, तो पडद्यातूनही ऐकू येतो.

तरीही ध्वनिसमीक्षेच्या मुख्य प्रवाहाने ही चाचणी नाकारली. दडपणाखाली ऐकणे हे खरे ऐकणे नव्हे. सूक्ष्म फरक आठवड्यांच्या सहवासानंतरच जाणवतात, असा युक्तिवाद झाला. तो अगदीच पोकळ नाही. एखाद्या चाचणीत फरक ऐकू आला नाही, एवढ्यावरून तो नाहीच असे सिद्ध होत नाही. परंतु हे कवच एकदा चढवले, की ते कशावरही चढवता येते. 1990च्या सुमारास टाइस ऑडिओचे एक साधे डिजिटल घड्याळ सुमारे साडेतीनशे डॉलरना विकले जात होते. ते भिंतीतल्या सॉकेटला लावले, की संगीत सुधारते, असा दावा होता. आणि सुधारणा ऐकू आल्याची साक्ष देणारेही होते. 2007 साली पेअर कंपनीच्या 7,250 डॉलर किमतीच्या स्पीकर-तारांवरून जेम्स रँडी यांनी दहा लाख डॉलरचे आव्हान दिले. समीक्षक मायकेल फ्रेमर यांनी ते स्वीकारले. पण कंपनीने तारा देण्यास नकार दिला, दोन्ही बाजूंनी एकमेकांवर दोषारोप केले आणि चाचणी झालीच नाही.

त्याच वर्षी होल्ट यांनी आपल्याच परंपरेवर कठोर निर्णय दिला. प्रामाणिकपणाची साधी कसोटीही, म्हणजे अंध चाचणीसुद्धा, नाकारल्यामुळे या क्षेत्राने 1980च्या दशकातच आपली विश्वासार्हता गमावली, असे ते म्हणाले. 2009 मध्ये त्यांचे निधन झाले. ज्याने कानाला न्यायासनावर बसवले, त्यानेच कानाची उलटतपासणी मागितली, ही या इतिहासातली सर्वांत बोलकी घटना आहे.

त्यानंतरचा पुरावा कोणत्याही संशयवाद्याने ठरवून मांडला नव्हता. मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या महागड्या तबकड्या अस्सल ॲनालॉग म्हणून नावाजल्या जात होत्या. 2022 च्या जुलैमध्ये उघड झाले, की त्यांतल्या अनेकींच्या निर्मितीत 2011 पासून एक डिजिटल टप्पा होता. डिजिटलचा स्पर्श कानाला तात्काळ खुपतो, असे मानणाऱ्या जाणकारांनी याच तबकड्यांना वर्षानुवर्षे वाखाणले होते. ही नकळत घडलेली एक प्रदीर्घ अंध चाचणीच होती. तीत दडपण नव्हते, घाई नव्हती, प्रत्येक जण आपल्या घरी, आपल्या खुर्चीत बसून ऐकत होता. आठवड्यांच्या सहवासाची अट इथे पुरेपूर पाळली गेली होती.

यावरून त्या श्रोत्यांचा आनंद खोटा होता, असा निष्कर्ष काढणे ही संशयवाद्यांची नेहमीची चूक आहे. आनंद खराच होता. चुकला तो त्याच्या कारणाचा शोध. आस्वाद ही अनुभवाची नोंद असते, तर ‘या तारेमुळे हे घडले’ हे कार्यकारणाचे विधान असते, आणि दुसऱ्याला पहिल्याच्या पुण्याईवर सूट मिळत नाही. साहित्यात हा पेच अधिक अवघड आहे. कवीचे नाव, त्याचा काळ, त्याची परंपरा ही कवितेच्या अर्थाचा भाग असू शकतात. तारेची किंमत मात्र ध्वनीचा भाग कधीच नसते. म्हणून रिचर्ड्स यांचा प्रयोग कवितेवर जेवढा अन्याय करू शकतो, तेवढा अंध चाचणी तारेवर करू शकत नाही. पण नाव अर्थात भर घालते आहे की केवळ दबदबा निर्माण करते आहे, हे नाव झाकून पाहिल्याशिवाय समीक्षकालाही कळत नाही. स्वतःच्या अनुभवावर विश्वास ठेवणे ही समीक्षेची सुरुवात आहे. त्या अनुभवाची साक्ष तपासायला नकार दिला, तर आस्वादक आणि विक्रेता यांच्यातले अंतर उरत नाही.